मराठीत फॅन्टसी चालत नाही? आधी कंदील खाली सोडून बघ

साताऱ्याच्या एका मुलाचा प्रश्न आहे. वय २४, एमआयडीसीत नोकरी, तीन वर्षं रात्री जागून 'अग्निशिला' नावाची फॅन्टसी कादंबरी लिहितोय, तीन भागांतला पहिला भाग ४३० पानांचा तयार आहे, नऊ राज्यं, नकाशा, स्वतः बनवलेली लिपीसुद्धा. पाच मित्रांना वाचायला दिली तर पाचही जण तिसाव्या पानाच्या आसपास थांबले. मामा म्हणाले मराठीत फॅन्टसी चालत नाही, त्यापेक्षा ऐतिहासिक लिही. तर त्याचं म्हणणं, खरंच चालत नाही का, माझं काय चुकतंय, आणि कादंबरी सोडून याची फिल्मची स्क्रिप्ट करू का. सोबत पहिली ४० पानं पाठवलीत.

तर ऐक. मी सांगलीची, गेली २६ वर्षं बालनाट्यं लिहिते, बसवते, कपडे शिवते, राक्षस आजारी पडला तर प्रसंगी राक्षस पण होते, आणि मधल्या काळात लोकांची हस्तलिखितं वाचून द्यायचं एक काम मागं लागलंय, त्यातली निम्मी तरी तुझ्यासारखीच, नऊ राज्यांची. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मामांचं बघू. मराठी नाटकाची सुरुवातच मुळात राक्षसांनी झालीय आणि तीपण आमच्या सांगलीत. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा आपला रंगभूमी दिन. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस यायचे ते 'अललल डुर्र' असं ओरडत, तलवारी परजत, आणि लोक पुढं त्या नाटकांना अललडुर्र नाटकंच म्हणायला लागले, चेष्टेनं म्हण हवं तर, पण चेष्टा करायला पण आधी बघायला जावं लागतं ना. कादंबरीचं पण तेच. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा', या आपल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या आणि दोन्ही अद्भुतरम्य. मग हरिभाऊ आपट्यांपासून वास्तवाचा जोर झाला, ते चांगलंच झालं, 'पण लक्षांत कोण घेतो' मधली यमू अजून रडवते, फक्त त्या भरात अद्भुताला आपण पोरांच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरनं कडी घातली. चांदोबा पोरांनी वाचायचा, मोठ्यांनी दुःख वाचायचं, असं काहीतरी ठरून गेलं. तरी आतनं कडी वाजत राहिलीच. नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री एकट्यानं परसात जायला घाबरलेली पिढी अजून जिवंत आहे, जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'त 'इस्किलार' लिहिली ती काय घरगुती कथा आहे का, आणि हॅरी पॉटर मराठीत आला तेव्हा पहिल्या पुस्तकाच्या नावातल्या त्या दगडाला नवा शब्द घडवावा लागला नाही, 'परीस' तयारच होता. तेव्हा चालत नाही हे खोटं. तुझं चालत नाहीये, ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं, आणि ते सांगायला मला हरिपूरला जावं लागेल. माझं आजोळ तिथलं. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार, तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आत मात्र पोट मोठं, वीस-पंचवीस फूट खोल. तिथली मातीच अशी की हळद आत वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली पण माझ्या लहानपणी चालू होती. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही असा नियम. तोंड काही तास उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर अजून थांबायचं. आजोबा आम्हा पोरांना सांगायचे, खाली राखणदार आहे, त्याला उजेड खपत नाही, तो फुंकर मारतो. मी सात वर्षांची असेन, पालथी पडून पेवाच्या तोंडातनं खाली बघत होते, आईनं मागनं फ्रॉक धरलेला. कंदील खाली खाली गेला, भिंतीचा पिवळा उजेड लहान लहान होत गेला, मग ज्योत बारीक झाली, आणि गेली. वारा नाही, आवाज नाही, काही नाही. दोरी धरलेला हमाल शांतपणे म्हणाला, "अजून हाय त्यो." आणि तंबाखू मळत बाजूला जाऊन बसला.

पुढं शाळेत कळलं की बंद पेवात प्राणवायू उरत नाही म्हणून ज्योत विझते. तरी राखणदार माझ्या डोक्यातनं गेला नाही तो नाहीच. का नाही गेला याचा मी नंतर बराच विचार केला, कारण पुढं माझं पोट त्याच्यावरच चालणार होतं. एक तर त्याचा पुरावा मी डोळ्यानं बघितला होता. दुसरं म्हणजे मोठी माणसं त्या पुराव्याप्रमाणं वागत होती, हमालाचं काम थांबलं, बैलगाडी तशीच उभी राहिली, व्यापारी घड्याळ बघायला लागला. राखणदार दिसतो कसा, त्याचा बाप कोण, तो किती हजार वर्षांचा, कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. तो आहे म्हणून काय काय अडतं तेवढं दिसलं.

तुझ्या चाळीस पानांत राखणदाराचं वर्णन अकरा पानं आहे, आणि कंदील एकदाही खाली सोडलेला नाहीस.

राग मानू नको, हे सगळ्यांचं होतं. फॅन्टसी म्हटलं की आपल्याला वाटतं काहीही चालतं, उलट तिथं सगळ्यात कमी चालतं. नाट्यशास्त्रात अद्भुत हा रस आहे आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, विस्मय, पण विस्मय हा फार नासका माल आहे बरं का, दुधासारखा. घरावरनं पहिल्यांदा ड्रॅगन गेला की सगळी गल्ली बाहेर येईल, चौथ्या दिवशी बायका म्हणतील मेल्यानं वाळवणावर घाण केली. आणि खरी गोष्ट सुरू होते ती चौथ्या दिवशी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किननं १९३९ साली परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं, त्यात त्याचं म्हणणं असं होतं की वाचकानं अविश्वास नुसता बाजूला ठेवला म्हणजे काम झालं असं नाही, लेखकानं एक दुसरं जग उभं करायचं आणि आत असेपर्यंत वाचकाला ते खरंच वाटलं पाहिजे, त्या जगाच्या कायद्यानं खरं. 'बाजूला ठेवणं' हा शब्द इंग्रज कवी कोलरिजचा, १८१७ चा. मला टॉल्किनचं पटतं कारण माझ्या प्रेक्षकांत सात वर्षांची पोरं असतात, ती अविश्वास बाजूला बिजूला काही ठेवत नाहीत, सरळ ओरडतात "ओ दोरी दिसतीय!"

तुझं पहिलं वाक्य बघ. 'सहस्र वर्षांपूर्वी, जेव्हा नवराज्यांचा उदय झाला नव्हता, तेव्हा अग्निशिलेच्या तेजाने त्रिभुवन उजळून निघाले होते.' आणि त्याच्यामागनं चौदा पानं इतिहास, कोणाचा मुलगा कोण, कुणी कुणाला शाप दिला. आता तू ज्याच्यावरनं स्फूर्ती घेतलीस म्हणतोस त्या लॉर्ड ऑफ द रिंग्जची गोष्ट सुरू कशानं होते? सुरुवातीला प्रस्तावना आहे, खरंय, पण तीसुद्धा लोक कुठं राहतात, तंबाखू कसली ओढतात यावर बरीच रेंगाळते, आणि मग गोष्ट सुरू होते ती एका म्हाताऱ्याच्या १११ व्या वाढदिवसाच्या जेवणावळीनं. पाहुणे किती, आहेर काय, भाऊबंद कसे टपलेत. अख्ख्या जगाचं युद्ध व्हायचंय आणि पहिल्या प्रकरणात पंगत उठतीय. हॅरी पॉटर कुणापासून सुरू होतो? ड्रिल बनवणाऱ्या कंपनीतल्या एका साहेबापासून, ज्याला घुबडं बिबडं आवडत नाहीत. हे काही योगायोगानं झालेलं नाही. आधी कंदील, मग काळोख.

आणि भाषा-लिपीचं म्हणशील तर टॉल्किन ऑक्सफर्डला भाषेचाच प्रोफेसर होता, त्याचं ते पोटापाण्याचं काम होतं, आणि तरी पुस्तक पुरं व्हायला १९३७ पासून १९४९ उजाडलं. तुझी लिपी छान आहे, वहीत ठेव. वाचकाला ती लिपी कुणाला वाचता येते आणि कुणाला येऊ दिली जात नाही एवढ्यातच रस असतो.

आता अग्निशिला. कल्पना चांगली आहे, दगडातनं आग निघते. पण तुझ्या पुस्तकात ती आग फुकट आहे. नायक हात पुढं करतो, आग येते. दहा पानांनी परत हात, परत आग. ऊस पण काट्यावर गेल्याशिवाय पैसे होत नाहीत आणि तू त्रिभुवन फुकटात उजळतोस. मी तुझा दगड घेऊन एक प्रयोग केला, रागावू नको. समजा दगड आग देतो पण ऊब स्वतःची नाही देत, जवळच्या जिवंत अंगातली काढून देतो. बस एवढंच बदललं, आणि असं झालं:

'म्हातारीनं दगड चुलीत सरकवला आणि म्हणाली, "शेळी आण जवळ." पोरगं शेळी ओढत घेऊन आलं. काटक्यांनी पेट घेतला. शेळीच्या अंगावर काटा आला, ती एकदाच ओरडली आणि भात शिजेपर्यंत भिंतीला चिकटून थरथरत उभी राहिली. पोरानं तिच्या कानाला हात लावला, कान गार. "आजे, गेल्या थंडीत आपली शेळी मेली तवा मी कुटं हुतो?" म्हातारीनं भाताचं शीत चेपून बघितलं. "शेळी तवा इकून झाली हुती," ती म्हणाली. "तुला धाकटी भन हुती."'

बघ, मी त्रिभुवन म्हटलं नाही, शाप म्हटलं नाही. पण आता तुझा राजा येऊन म्हणू दे की मी नऊ राज्यं उजळवणार, वाचकाच्या पोटात गोळा येईल, कारण नऊ राज्यांना ऊब कुणाच्या अंगातनं जाणार हे त्याला आपोआप कळतं. आणि मग जग स्वतःहून वाढायला लागतं, तुला नकाशा काढावा लागत नाही. दगडवाल्याच्या घरात मांजर टिकत नाही. मुलगी द्यायच्या आधी सोयरे गोठा मोजून जातात. श्रीमंत माणसं पावसाळ्यात चार गडी जास्त ठेवतात आणि ते का, हे कुणी बोलत नाही.

हा हिशेब आपल्याला परका नाही. वेताळाची आठवण काढ. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघालाय, अट काय, तर बोलायचं नाही, बोलला की वेताळ परत झाडावर. पण गोष्टीच्या शेवटी वेताळ प्रश्न टाकतो आणि म्हणतो, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. म्हणजे गप्प राहिला तर मेला, बोलला तर चालणं फुकट. आणि राजा मूर्ख असता तर सुटला असता! शहाणा असल्याचीच शिक्षा. दोन वाक्यांच्या नियमावर पंचवीस गोष्टी चालतात, आणि त्यात एकही नकाशा नाही. तसाच तो पोपटात प्राण ठेवणारा राक्षस. प्राण बाहेर काढून ठेवला की कुणी मारू शकत नाही, पण मग आयुष्यभर पोपटाची काळजी करत बसावं लागतं. हॅरी पॉटरमधल्या खलनायकानं आत्म्याचे तुकडे करून ठेवलेत ते वाचताना मला हा पोपटच आठवला, फक्त तिथं दर तुकड्याला एक खून अशी किंमत लावलीय, त्यामुळं तो पोपटापेक्षा भारी पडतो.

वेताळाच्या गोष्टी ज्या 'कथासरित्सागरा'त आल्यात, अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या, त्याच्यातच आणखी एक आहे, ती मी प्रत्येक शिबिरात सांगते. गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला, म्हणजे आपल्याच पैठणचा. पैज हरला म्हणून सगळ्या माणसांच्या भाषा सोडल्या आणि पैशाची, म्हणजे पिशाच्चांच्या, भाषेत, स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं नाक मुरडलं, असल्या भाषेत कोण वाचणार. (मामा तेव्हा पण होते.) गुणाढ्य रानात गेला, आग पेटवली, एक एक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं गोळा होऊन चारापाणी सोडून ऐकत बसली, डोळ्यांतनं पाणी. इथपर्यंत सुंदर आहे पण इथपर्यंत मला काही ते खरं वाटत नाही. पुढं बघ काय केलंय. राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले सुकं मांस खाल्ल्यानं झालं. आचाऱ्याला धरलं, तो म्हणाला शिकारी असलंच मांस आणतात. शिकाऱ्यांना धरलं, ते म्हणाले रानातली जनावरंच वाळलीत, खायचं सोडून गोष्ट ऐकतायत. झालं! राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळलेले, एक लाख उरले. आता मला सांग, जनावरं रडली हे कशामुळं खरं वाटलं? आचाऱ्याच्या तक्रारीमुळं. मुदपाकखान्यातनं चमत्कार बाहेर आला. तुझे पाच मित्र तिसाव्या पानाला थांबले तर एवढा उदास होऊ नको, पण तुझा आचारी कुठाय ते शोध.

बोलण्याबद्दल. तुझ्या पुस्तकात सगळेच 'तुझा अंत समीप आहे' असं बोलतात, राजा पण, पहारेकरी पण, घोड्याला खरारा करणारा पण. ही आपली डबिंगची भाषा झालीय, पात्राचं तोंड आणि शब्द जुळत नाहीत. खलनायकाला एकदा साताऱ्याच्या बोलीत हळू आवाजात म्हणू दे, "का रं, लई लांबनं आलास. पानी घे." बघ किती भीती वाटते. आणि मोठ्या गोष्टी विशेषणांनी सांगू नको. आमच्या सांगलीत पूर आला की महाभयंकर, प्रलयंकारी असं बातम्या देणारे म्हणतात, माणसं म्हणत नाहीत. माणसं विचारतात आयर्विन पुलाला किती फूट झालं. ४५ ला धोका, हे इथं शेंबड्या पोराला माहीत असतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. आकडा आणि पाणी कुठल्या चौकात आलं एवढं सांगितलं की फोनवर समोरचा गप्प होतो. तुझी राक्षसांची फौज येतीय ना, ती 'अगणित' नको येऊ दे, वेशीवरच्या माणसाला मोजू दे, आणि मोजता मोजता त्याला थांबू दे.

नावांचं एक राहिलं. 'एल्डोरिया' आणि 'मिस्टवन' ही नावं काढून टाक, बाकी काय बोलायचं त्याच्यावर. पण नावात जादू असते हे मात्र खरं. अर्सुला ले ग्विनच्या १९६८ च्या अर्थसीच्या पुस्तकात ज्याला वस्तूचं खरं नाव कळलं त्याची तिच्यावर सत्ता चालते, मियाझाकीच्या 'स्पिरिटेड अवे' या जपानी अ‍ॅनिमेशनपटात चेटकीण पोरीला नोकरीवर ठेवताना तिचं नाव काढून घेते आणि ते विसरलीस तर घरचा रस्ता विसरशील अशी गोम आहे. मी २००३-०४ च्या सुमाराला तो पिक्चर पहिल्यांदा बघितला, आणि बाकीचे वा वा करत होते तेव्हा मला माझ्या लग्नातलं ताट आठवत होतं. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात आणि जुनं नाव त्या तांदळाबरोबर गोळा करून ठेवतात. ते तांदूळ पुढं कोण खातं? हे मी अजून लिहिलेलं नाही. तू लिहिणार असशील तर घे, पण नीट लिही.

यावरनं देवांचं. तुझ्या पाचव्या प्रकरणात मारुती येतो आणि त्याची 'पॉवर लेव्हल' दिलीस. ते काढ. मला कुणी विचारतं महाभारत म्हणजे आपली फॅन्टसीच ना, तर मी नाही म्हणते, भावना दुखावतील म्हणून नाही, फॅन्टसीत लिहिणारा आणि वाचणारा दोघांना पक्कं माहीत असतं की हे रचलेलं आहे आणि तरी दोघं त्यात उतरतात, तो करार आहे. आरेवाडीच्या बनात सुंबरान मांडणाऱ्या, म्हणजे देवाच्या ओव्या गाणाऱ्या धनगराचा बिरोबाशी तसला करार नाही, त्याच्यासाठी तो आहेच. ज्याच्यापुढं नारळ फुटतोय त्याला कॅरेक्टर करायला गेलं की ना धड भक्ती होते ना धड गोष्ट. माझं मत आहे, दुसऱ्याचं वेगळं असेल. मात्र त्या गोष्टी बांधल्या कशा आहेत ते शिकून घे. बहे-बोरगावला कृष्णेत रामलिंगाचं बेट आहे. मारुतीनं बाहू पसरून पूर दोन्ही अंगांनी काढून दिला म्हणून गावाचं नाव बहे, अशी कथा. आणि तिथं उभं राहिलं की दिसतं, नदी खरंच फुटून दोन्ही बाजूंनी जाते. कंदील आहे तो, कळलं का?

आता फिल्म. थोडक्यात सांगते कारण तुला त्याचं उत्तर माहीत आहे, फक्त कुणीतरी म्हणावं असं वाटतंय. बजेटचा बाऊ करू नको. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करायचे, प्रोफेसर केळफा नावानं, आडनाव उलटं करून, आणि त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. तिकडं १९०२ साली सिनेमातनं चंद्रावर गेलेला फ्रेंच दिग्दर्शक मेलिएस पण मूळचा जादूगारच. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सिनेमात हॉबिट बुटके दिसावेत म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सननं कितीतरी ठिकाणी नुसतं एकाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला लांब बसवलंय. 'तुंबाड' बघ परत, २०१८ चा. पाऊस खरा पाहिजे म्हणून पावसाळ्यांची वाट बघितली. पण पाऊस सोड, त्यातला हिशेब बघ. हस्तर या शापित देवाकडं सोनं आहे पण अन्न नाही, म्हणून कणकेची बाहुली घेऊन उतरायचं, तो खाईपर्यंत जेवढी नाणी हाताला लागतील तेवढी घ्यायची, एका खेपेला मूठभर. लोभी माणसाला मूठभर सोनं देणं यापेक्षा क्रूर नियम मला अजून सुचलेला नाही. आणि तिथंही शेवटी सगळं येऊन थांबतं ते पीठ मळण्यावर.

माझं स्वतःचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आमचं बालनाट्य होतं, त्यात उडता गालिचा. मी हट्टानं कप्पी, तारा, लोखंडी फ्रेम सगळं करून घेतलं, कर्ज नाही म्हणत पण उधारी झाली. प्रयोगात कप्पी अडकली. राजपुत्र प्रेक्षकांच्या डोक्यावर चार फूट, पुढं जाईना, खाली येईना, आणि पोरं इतकी हसली की एकाला उचकी लागली. पुढच्या गावी तारा नव्हत्याच, वेळही नव्हता. तर दोन पोरींनी चादर चार टोकांनी धरली, राजपुत्र तिच्यामागं उभा, एकीनं तोंडानं वाऱ्याचा आवाज काढला, आणि मला ऐनवेळी सुचलं म्हणून विंगेतनं राजपुत्राची आई ओरडली, "अरे स्वेटर घाल, वर गार असतंय!" हॉलमध्ये एक पोरगं हललं नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं स्वतःच्या फ्रॉकचं बटण लावलं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्या पण केल्या होत्या, पुढं बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून परत नाचवल्या, आणि १९९३ च्या 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचू बाहुला पण पाध्यांचाच. लाकडाचं तोंड खालीवर होतं एवढंच, पण अख्ख्या महाराष्ट्रानं पलंगाखाली वाकून बघितलं. तेव्हा स्क्रिप्ट करायची तर कर, पण आत्ता नको. आत्ता तुझ्याकडं जे आहे त्याची स्क्रिप्ट केलीस तर कोट्यवधीचं व्हीएफएक्स लागेल आणि स्वेटर घाल म्हणणारी आई नसेल.

मग करायचं काय, तर पहिली चौदा पानं वेगळ्या फाईलमध्ये हलव, डिलीट करू नको, तुला लागतील, वाचकाला नकोत. दगडाची किंमत ठरव, माझी शेळी पाहिजे तर घे, नाहीतर दुसरी काढ, पण प्रत्येक वेळी आग पेटली की कुणाचं तरी काहीतरी जाऊ दे आणि ते पानावर दिसू दे. नऊ राज्यांपैकी सात सध्या बंद ठेव. आणि रविवारी गाडी काढून लिंबला जा, तुझ्यापासनं काय लांब आहे, बारा मोटेची विहीर बघून ये. दारावर शरभ कोरलेत, शरभ म्हणजे कसला प्राणी विचारशील तर असला कुठंच नसतो, आणि तरी दगडात पंजे रोवून बसलाय बघ. आत विहिरीच्या पोटात महाल आहे. वर बारा ठिकाणी बैल चालायचे, पाणी वर जायचं, आणि खाली माणसं गारव्याला बसायची. तिथं तासभर बस, मोबाईल ठेव खिशात, आणि असा विचार कर की एक दिवस बारावी मोट वर आली ती रिकामी, आणि बैल पुढं पाऊल टाकेना. मोटकरी काय म्हणेल? त्याच्या तोंडचं पहिलं वाक्य लिही, शिवीसकट.

मग दहा पानं पाठव. दहाच.